काढायच्याच होत्या तर घातल्या कशाला?

दिवाळीच्या सुट्टीत चिऊच्या हातातल्या सळ्या काढल्या. नातेवाईक मंडळींना हे फोनवर सांगून झालंच आहे, पण ब्लॉगवरच्या दोस्तांसाठी थोडक्यात सांगतो. चिऊ म्हणजे माझी पुतणी, वय वर्षं अकरा. फेब्रुवारीत सायकलवरून पडली आणि डाव्या हाताची, कोपराखालची दोन्ही हाडं मोडून बसली. डॉक्टरांनी दोन हाडांत टायटॅनियमच्या दोन बारीक, लवचीक सळ्या घातल्या. हाडं छान जुळली. मग ठरल्याप्रमाणे आठ-नऊ महिन्यांनी पुन्हा उपाशीपोटी अ‍ॅडमिट, पुन्हा भूल, पुन्हा टाके. सगळं सुरळीत पार पडलं. सळ्या डॉक्टरांनी एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिल्या. त्या आता तिच्या कंपासपेटीत आहेत आणि सुट्टीनंतर शाळेत त्यांचं प्रदर्शन भरलं होतं म्हणे.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी तिच्याजवळ बसलो होतो. ती थोडी रडवेली झाली होती. म्हणाली, "काका, काढायच्याच होत्या तर घातल्या कशाला? टाके कसे आपोआप विरघळतात, तशा सळ्या का नाही विरघळत?"

आता हा प्रश्न तिने तिच्या बाबाला विचारला असता तर तो "झोप आता" म्हणाला असता. पण विचारला मला. माझं निम्मं आयुष्य भोसरीत आमच्या प्लेटिंगच्या छोट्याशा कारखान्यात, अ‍ॅसिडच्या टाक्यांशेजारी गेलं. झिंक प्लेटिंग, निकेल, अ‍ॅनोडायझिंग. धातू गंजू नये म्हणून त्यावर काय लिंपायचं, हाच आमचा धंदा. मी काही शास्त्रज्ञ नव्हे, पण गंजाशी माझी ओळख जुनी आहे. त्यामुळे "नाही गं, धातू कुठे विरघळतो" असं काहीतरी म्हणून गेलो आणि नंतर चुटपुट लागून राहिली. कारण धातू विरघळतो. एक धातू तर फारच उत्साहाने विरघळतो. मग परत आल्यावर वाचत बसलो, आणि कळलं की चिऊचा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे. मोठमोठ्या माणसांनी तो विचारला आणि त्याच्या पायी भल्याभल्यांची फजिती झाली. ती गोष्ट सांगावी म्हणून आजची ही लांबण.

हा धातू म्हणजे मॅग्नेशियम. शाळेच्या प्रयोगशाळेत मास्तर चिमट्यात धरून त्याची फीत पेटवायचे आणि डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडायचा, आठवतंय? इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीने १८०८ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा केला, आणि १८५२ मध्ये जर्मनीत बुन्सेनने (हो, बर्नरवाला बुन्सेन) विजेच्या साहाय्याने तो बऱ्यापैकी प्रमाणात काढायची रीत बसवली. हलका, अ‍ॅल्युमिनियमहूनही हलका. आणि मुख्य म्हणजे आपल्या अंगचाच. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत. म्हणजे हा पाहुणा विरघळला तरी शरीराला परका नाही, जास्तीचा मूत्रावाटे निघून जातो.

१८७८ मध्ये एडवर्ड ह्यूस नावाच्या अमेरिकन डॉक्टराने तीन रुग्णांच्या रक्तवाहिन्या बांधायला मॅग्नेशियमची तार वापरली. त्या काळी जखमेत राहिलेला दोरा पू धरायचा, त्यामुळे आपोआप नाहीशी होणारी गाठ ही मोठीच सोय होती. तार किती दिवसांत जाते हे तिच्या जाडीवर अवलंबून आहे, हे त्याने तेव्हाच टिपून ठेवलं. पुढची सगळी कटकट या एका निरीक्षणात दडलेली आहे, पण त्याचं महत्त्व कळायला अजून वेळ होता.

मग आला एर्विन पायर. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सचा शल्यविशारद. १८९२ पासून तो मॅग्नेशियमच्या मागे लागला आणि १९०० च्या आसपास त्याने जवळजवळ सगळ्या गोष्टींना ते लावून पाहिलं. तुटलेल्या रक्तवाहिन्या जोडायला मॅग्नेशियमच्या छोट्या नळ्या, आतड्याला नळ्या, मज्जातंतूंना नळ्या, गाठींमध्ये मॅग्नेशियमचे बाण. कल्पना सुंदर होती. रक्तवाहिनीचं एक टोक नळीतून ओवून उलटं दुमडायचं, त्यावर दुसरं टोक चढवायचं, बांधायचं. वाहिनी जुळून येते तोवर नळी विरघळते. पण थोड्याच वर्षांत, १९०२ मध्ये, अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच डॉक्टराने साध्या सुईदोऱ्याने रक्तवाहिन्या शिवायची पद्धत दाखवली. त्या कामासाठी त्याला पुढे १९१२ चं नोबेलही मिळालं. सुईदोरा आल्यावर नळ्यांची गरजच संपली. बिचारा पायर! कधीकधी उत्तम यंत्राला एक साधी सुई हरवते.

आता हाडांकडे येतो, कारण चिऊची गोष्ट हाडांची आहे.

बेल्जियममध्ये अँटवर्पला आल्बां लाम्बोत नावाचा शल्यविशारद होता. मोडलेलं हाड उघडून प्लेट-स्क्रूंनी जोडायच्या शास्त्राला आज 'ऑस्टिओसिंथेसिस' म्हणतात, तो शब्द त्याने रुळवला. हा माणूस हाताचा फार कुशल. आपली हत्यारं स्वतः घडवायचा आणि फावल्या वेळात व्हायोलिनं बनवायचा. (लाकूड, तारा आणि हाडं. घरात काय पसारा असेल!) १९०६-०७ च्या सुमारास त्याने एका तरुण रुग्णाच्या पायाच्या न जुळणाऱ्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि ती पोलादाने जखडली. दुसऱ्याच दिवशी पाय सुजला, ठणकायला लागला, कातडीखाली वायूचे फुगे झाले. आठवड्याभरात पट्टीचे तुकडे झाले. लाम्बोतला सगळं बाहेर काढावं लागलं.

प्लेटिंगवाल्या कुठल्याही पोराने हे वाचलं तर कपाळावर हात मारेल. मॅग्नेशियम आणि पोलाद खारट पाण्यात एकमेकांना चिकटवून ठेवले, म्हणजे त्याने रुग्णाच्या पायात चक्क एक बॅटरी बसवली! दोन धातू आणि मध्ये क्षारांचं पाणी असलं की कच्चा धातू पक्क्यासाठी स्वतःला जाळून घेतो. प्रमाण विद्युतविभव म्हणून एक मोजमाप असतं. मॅग्नेशियमचं उणे २.३७ व्होल्ट आणि लोखंडाचं उणे ०.४४. जवळजवळ दोन व्होल्टचा फरक. गच्चीवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला पितळी बोल्ट मारला की त्याभोवती पांढरी भुकटी का जमते, त्याचं कारण हेच. फक्त इथे पत्र्याच्या जागी माणूस होता.

आणि फुगे कसले? हायड्रोजनचे. मॅग्नेशियमची पाण्याशी गाठ पडली की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं (मिल्क ऑफ मॅग्नेशिया म्हणून आपण पोट साफ व्हायला घेतो तेच) आणि हायड्रोजन वायू सुटतो. एक ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण विरघळलं तर साधारण एक लिटर हायड्रोजन होतो. एक लिटर! वर्षभरात सुटला तर शरीर तो सहज पचवतं, वाहून नेतं. आठ दिवसांत सुटला तर कातडी फुगवतो. वायू दोन्हीकडे तेवढाच, फरक पडतो तो वेळाने.

लाम्बोतने हार मानली नाही. तो आणि त्याचा सहाय्यक झां व्हेरब्रुगे यांनी चूक ओळखली, पोलाद सोडलं आणि पूर्ण मॅग्नेशियमचे किंवा त्याच्या मिश्रधातूंचे खिळे-पट्ट्या वापरल्या. १९३० च्या दशकात त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्यात लहान मुलांच्या कोपराजवळच्या मोडलेल्या हाडांवरचे उपचार होते. मुलांचं हाड लवकर जुळतं, त्यामुळे धातू लवकर गेला तरी चालतं. थोडे फुगे यायचे, पण हाडं जुळायची आणि धातू काढायला परत उघडावं लागत नसे. चिऊ, बघ, तुझ्या आधी नव्वद वर्षांपूर्वी तुझ्याएवढ्या मुलांना हे उत्तर मिळालं होतं.

अमेरिकेत १९३८ मध्ये अर्ल मॅकब्राइडने मॅग्नेशियमचे स्क्रू आणि पट्ट्या वापरून पाहिल्या. रशियात १९४० च्या दशकात ट्रॉइट्स्की आणि त्सित्रिन या दोघांनी मॅग्नेशियम-कॅडमियमचा मिश्रधातू ३४ रुग्णांत वापरला, त्यातल्या ९ जणांत तो फसला. (कॅडमियम हे विष. आज कुणी त्याच्या जवळपासही जाणार नाही. आम्हीसुद्धा कॅडमियम प्लेटिंग कधीच बंद केलं.) आणि मग हा सगळा मामला जो थंडावला, तो जवळजवळ पन्नास वर्षं.

का थंडावला? कारण याच काळात उलट्या दिशेने गेलेले लोक जिंकले. १९३७ मध्ये टेक्सासमधल्या व्हेनेबल आणि स्टक या डॉक्टरांनी प्राण्यांच्या हाडांत वेगवेगळे धातू बसवून दाखवून दिलं, की हाडाला त्रास होतो तो धातूंच्या आपसातल्या विजेमुळे. त्यांना बरा सापडला तो कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू, जो काही केल्या झिजत नव्हता. स्टेनलेस स्टील सुधारलं. पुढे टायटॅनियम आलं. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हाडवैद्यांचा एक गट जमला, त्याने प्लेटा, स्क्रू आणि ते बसवायची शिस्त सगळ्या जगाला घालून दिली. धातू न गंजणारा हवा, एवढी एकच अट सगळ्यांना मान्य झाली.

आमच्या घराण्याचा धर्मही तोच. बाबांच्या टेबलावर एक काचेची पेटी होती, मिठाच्या धुक्याची चाचणी करायची. ३५ अंश तापमान, ५ टक्के मिठाचं पाणी, त्याचा सतत फवारा. प्लेटिंग केलेला नट आत टाकायचा आणि तांबडा डाग किती तासांनी दिसतो ते वहीत लिहायचं. ९६ तास टिकला तर गिऱ्हाईक खूष, दोनशे टिकला तर बाबा खूष. थर संपणं म्हणजे कमीपणा. याला दुसरी बाजू असू शकते असं माझ्या तरी कधी मनात आलं नव्हतं.

आणि इथे आजीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. आत्या, तुला आठवत असेल. आजी पडली तेव्हा तिच्या मांडीच्या हाडात स्टेनलेसची पट्टी बसवली होती. १९९४ मध्ये ती गेली. वाईला कृष्णेकाठी अस्थी सावडायला आम्ही गेलो, तेव्हा राखेत गुरुजींचा हात थबकला. पट्टी आणि सहा स्क्रू. काळेनिळे झालेले, पण आख्खे. कुणीच काही बोललं नाही. याचं काय करायचं ते विधीत सांगितलेलं नाही. काकांनी पट्टी कागदात गुंडाळली. बाबांनी एक स्क्रू उचलला, अंगठ्याने काजळी पुसली, उजेडात धरून बघितला आणि हळूच म्हणाले, "आटेसुद्धा गेले नाहीत." त्या आवाजात कारागिराचं कौतुक होतं आणि आणखीही काही होतं. आईची हाडं गेली होती आणि स्क्रूचे आटे गेले नव्हते. तो स्क्रू त्यांच्या ड्रॉवरमध्ये शेवटपर्यंत होता. आता माझ्याकडे आहे.

असो. गोष्टीकडे वळतो.

मॅग्नेशियम परत आलं ते हृदयाच्या वाटेने. अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवायला स्टेंट बसवतात हे सगळ्यांना माहीत आहे (आपल्या वाचकांत दोघांना तर अनुभवाने). वाहिनी काही महिन्यांत सावरते, स्टेंट मात्र जन्माचा सोबती होतो. २००३ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरच्या हॉयब्लाइन आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या हृदयवाहिन्यांत मॅग्नेशियमचे स्टेंट बसवून दाखवले. २००५ मध्ये तिथल्याच फ्रांक विटे वगैरे मंडळींनी गिनीपिगच्या हाडांत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंच्या सळ्या बसवल्या. सुरुवातीला वायूचे फुगे आले आणि जिरले, आणि धातू विरघळत असताना भोवती नवं हाड जास्त भरलं.

त्याच २००५ मध्ये जर्मनीतूनच एक बातमी प्रसिद्ध झाली, ती वाचताना मी थांबलो. २६ व्या आठवड्यात जन्मलेलं, पावणेदोन किलोच्याही आतलं बाळ. फुप्फुसाकडे जाणारी डावी रोहिणी बंद. तिथे पोलादी स्टेंट बसवला तर बाळ वाढेल पण स्टेंट वाढणार नाही, तोच पुढे गळफास होईल. म्हणून मॅग्नेशियमचा बसवला. वाहिनी उघडली, पाचेक महिन्यांत स्टेंट विरघळला, फुप्फुसाला रक्त मिळत राहिलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसाच्या रोहिणीत बसवलेला तो असा पहिला स्टेंट. न झिजणाऱ्या धातूने जे काम बिघडवलं असतं, ते झिजणाऱ्याने केलं.

मोठ्या माणसांत मात्र पहिला घास कडू लागला. २००७ मध्ये ६३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कुणी दगावलं नाही, पण वर्षभरात जवळजवळ निम्म्या रुग्णांची ती जागा परत उपचार करण्याइतकी अरुंद झाली. स्टेंट फार लवकर गेला होता. वाहिनीने अजून स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकायचं होतं आणि हाताला धरणारा निघून गेला. शंभर वर्षांपूर्वी लाम्बोतला जे कळलं, तेच पुन्हा. विरघळवायचं कसं हा प्रश्न मॅग्नेशियमने कधी पडूच दिला नाही. थोपवायचं कसं, आणि तेही कायमचं नाही, हाच प्रश्न.

आणि इथून पुढची गोष्ट आमच्या धंद्याची. लिंपणाची.

मॅग्नेशियम स्वतःचं रक्षण स्वतः का करत नाही? अ‍ॅल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा बसतो. मॅग्नेशियमवरही बसतो, पण त्या ऑक्साइडचं आकारमान मूळ धातूपेक्षा कमी भरतं, साधारण ०.८१ पट. आखूड चादरीसारखं, डोक्यावर ओढली तर पाय उघडे. पाण्यात त्याचं हायड्रॉक्साइड होतं, ते बरं टिकतं, पण भरपूर अल्कलीत. रक्ताचा पीएच ७.४, आणि त्यात मिठातलं क्लोराइड. ते हायड्रॉक्साइडला विरघळवून वाट मोकळी करतं. शरीर म्हणजे बाबांची मिठाची पेटीच, फक्त ३७ अंशांवर आणि कधीही बंद न होणारी. त्यात धातू अशुद्ध असेल तर आणखी पंचाईत. मॅग्नेशियममध्ये दहा लाखांत दोनेकशे भागांच्या आसपास लोखंड गेलं तरी ते भराभर खाल्लं जातं, हे अमेरिकेत हानावाल्ट आणि सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये दाखवलं. म्हणजे पायर-लाम्बोतच्या काळात खुद्द मॅग्नेशियमच्या पोटातच छोट्या छोट्या बॅटऱ्या असणार, आणि त्या बिचाऱ्यांना ते कळायला मार्ग नव्हता.

मग वरून थर द्यायचा. विमानांच्या आणि मोटारींच्या मॅग्नेशियमला थर देण्याची विद्या तयार होती, पण त्यात मुख्य भरवसा क्रोमेटचा. सहा संयुजेचं क्रोमियम म्हणजे कर्करोगाला आमंत्रण, ते शरीरात कसं घालणार? त्यामुळे नवे थर शोधावे लागले. जे वाचलं त्यातले चार प्रकार सांगतो.

पहिला, फ्लोराइड. मॅग्नेशियम हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवायचं. हे आम्ल म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात घातकी इसम, काचसुद्धा खातो. पण मॅग्नेशियमवर त्याचं काही चालत नाही, उलट मॅग्नेशियम फ्लोराइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि गंज मंदावतो.

दुसरा मला सगळ्यात आवडलेला. हा अ‍ॅनोडायझिंगचा दांडगा थोरला भाऊ. आम्ही अ‍ॅल्युमिनियमला पंधरा-वीस व्होल्ट देतो. इथे काहीशे व्होल्ट देतात. द्रावणात बुडलेल्या धातूवर हजारो बारीक ठिणग्या नाचतात आणि त्यांच्या उष्णतेने पृष्ठभागाचंच चिनीमातीसारखं कठीण कवच होतं. याला सूक्ष्म-ठिणगी किंवा प्लाझ्मा ऑक्सिडेशन म्हणतात. तोटा एकच, प्रत्येक ठिणगी आपल्यामागे एक छिद्र ठेवून जाते.

तिसरा, कॅल्शियम फॉस्फेट. म्हणजे हाडाचाच मसाला. हाडाला तो आपला वाटतो, त्यावर पेशी आनंदाने बसतात. चौथा, विरघळणाऱ्या टाक्यांचं प्लास्टिक, पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड. त्यात औषधही मिसळता येतं.

वाचताना वाटतं, झालं की मग! पण यातली खरी गोम प्लेटिंगवाल्यालाच कळेल. थराला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं की सगळा गंज त्या एका जागी तुटून पडतो आणि खोल खड्डा करतो. कधीकधी थर नसता तर बरं झालं असतं असं वाटावं इतका. प्लास्टिकच्या थराखाली हायड्रोजन साठला तर फोड येतो आणि थर सुटतो. स्क्रू हाडात पिळताना आट्यांवरचा थर खरवडला जातो. आणि प्रयोगशाळेतल्या भांड्यात जो वेग दिसतो तो शरीरात दिसत नाही, तिथे तो सहसा बराच कमी असतो. त्यात पुन्हा कवटीत वेगळा, रक्तवाहिनीशेजारी वेगळा.

शिवाय थर फार चांगला झाला, तर? तर तो जातच नाही आणि आपण परत टायटॅनियमपाशी येतो. हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात. तेवढे दिवस थराने खिंड लढवायची, मग हळूहळू वाट सोडायची, आणि धातूने त्यानंतर सावकाश निघून जायचं. आजीची पितळी भांडी घेऊन मी कल्हईवाल्याकडे जायचो, नवसागराचा धूर, कथलाची ती लखलखीत सर. कल्हई उडायची, तो पुढच्या वर्षी परत यायचा. हाडातल्या स्क्रूला परत कल्हई नाही. एकदाच लावायची, आणि ती केव्हा उडणार हे लावतानाच ठरलेलं असायला हवं. टिकेल तितकं टिकव, हे मला येतं. ठरल्या वेळी जा, हे थराला कसं शिकवायचं ते बाबांनाही आलं नसतं.

तरी माणसं पोचली आहेत. हॅनोव्हरच्याच एका कंपनीच्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला २०१३ मध्ये युरोपात परवानगी मिळाली. पायाच्या अंगठ्याच्या वाकड्या हाडावरच्या शस्त्रक्रियेत त्याची टायटॅनियमच्या स्क्रूशी तुलना झाली आणि तो कमी पडला नाही. २०१५ मध्ये दक्षिण कोरियाने आपला स्क्रू मान्य केला. २०१६ मध्ये युरोपात तो स्टेंटही आला, पॉलिलॅक्टिकच्या थरात औषध भरलेला, आणि सुमारे वर्षभरात विरघळणारा. फिनलंडच्या एका स्क्रूला २०२३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, घोट्याच्या हाडासाठी. गंमत म्हणजे यातल्या काही स्क्रूंवर थर नाहीच. त्यांनी धातूच इतका शुद्ध आणि मिश्रण इतकं नेमकं केलं की तो आपणहून बेताने झिजतो. थरवाले आणि बिनथरवाले अशी दोन घराणी आज शेजारी शेजारी गातायत. मी अर्थात थरवाल्यांच्या बाजूचा.

पण चिऊच्या सळ्या? त्या लांब, बारीक, आणि हाडाला आतून तोलून धरणाऱ्या. एका जागी खड्डा पडला तर तिथेच मोडतील. आज जे परवानगी मिळून वापरात आहे ते मुख्यतः छोटे स्क्रू, पिना आणि स्टेंट. त्यामुळे डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं.

हे सगळं मी तिला मागच्या रविवारी सांगितलं. बॅटरी, फुगे, ठिणग्या, ते इवलंसं बाळ. बाळापाशी तिने दोनदा थांबवलं. तिला ते फार आवडलं. मग मी बाबांच्या ड्रॉवरमधला तो स्क्रू तिला दाखवला आणि कुणाचा ते सांगितलं. तिने तो तळहातावर घेतला, वजन करून पाहिलं आणि नंतर कंपासपेटीतून आपल्या सळ्या काढून त्याच्या शेजारी ठेवल्या. पणजी आणि पणती, दोघींचं सामान टेबलावर मांडलेलं. तिने पणजीला पाहिलेलं नाही.

"आणि माझ्या विरघळल्या असत्या तर?"

"तर परत ऑपरेशन नसतं. टाके नसते. दिवाळीत फराळ सोडून उपाशी बसायला लागलं नसतं."

तिने थोडा विचार केला. सळ्या पुसून परत पेटीत ठेवल्या.

"पण मग मैत्रिणींना दाखवायला काहीच उरलं नसतं," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, हात आहे की. तिने तो वर करून बघितला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि म्हणाली, "तो तर सगळ्यांनाच असतो."